सुडाच्या सतरा कळा

४ नोव्हेंबर

रोजनिशी सुरू करतोय. कारण सूड घ्यायचाय, आणि दलेंदाच्या मते मला राग फार दिवस धरता येत नाही. बायकोचं म्हणणं खोटं पाडायचं तर लिहून ठेवलेलं बरं.

घटना अशी. आज तेलाच्या घाण्याचा हंगाम उघडला. जैतुनाच्या फळांची पहिली गाडी फाटकातून आत आली. मी वजनकाट्याच्या खिडकीत माझ्या खुर्चीवर बसलो, बिस्मिल्ला म्हटलं, सवयीनं उजवा हात पुढे टाकला, आणि तो दाणकन टेबलाच्या फळीवर आपटला. कीबोर्डचा उजवा भागच नाही! आकड्यांचा अख्खा चौकोन उडवलेला. समोर शेपूट तुटलेल्या पालीसारखा एक बुटका कीबोर्ड.

काम वजदीचं. वजदी म्हणजे दलेंदाचा धाकटा भाऊ. घाण्याचे मालक हाजी बूबकर, त्यांनी यंदा त्याला मॅनेजर केलं. शिफारस माझीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!

म्हणाला, "कॉम्पॅक्ट आहे, दाजी. टेबलावर जागा होते." आणि त्या जागेत एक छोटा हीटर आणून ठेवला. म्हणे, तुमची बोटं गारठतात. म्हणजे मी म्हातारा झालो! वर म्हणतो, "जुना हवा असला तर सांगा, कपाटात जपून ठेवलाय." मी म्हटलं, मला कुणाची भीक नको.

संकल्प : वजदीशी बोलणं बंद. कामापुरतं बोलायचं, तेही फ्रेंचमध्ये.

७ नोव्हेंबर

फ्रेंच आमच्या देशातून निघून गेले, पण त्यांचा कीबोर्ड इथंच ठेवून गेले. त्याच्या वरच्या ओळीत आकडे आहेत, पण शिफ्ट दाबल्याशिवाय एकही येत नाही. एक किलो असो की हजार किलो, आधी शिफ्ट. डाव्या हाताची करंगळी सुजून भेंडीएवढी झाली.

इतकी वर्षं कसं चाललं होतं! मबरूककाका अंगणात काट्यापाशी उभे राहून वजन ओरडणार, मी ते टाइप करणार, चिठ्ठी निघणार, चिठ्ठीवरच्या किलोंच्या हिशेबानं शेतकरी तेल घेऊन जाणार. मी पडद्याकडे कधी बघितलं नाही. पडद्याकडे बघणं हा नवशिक्यांचा उद्योग. आकड्यांच्या चौकोनात पाचाच्या कळीवर एक बारीक टेंगूळ असतं. मधलं बोट त्यावर टेकलं की बाकीचे आकडे डोळे मिटून सापडतात. आता चौकोनच नाही तर टेंगूळ कुठलं!

आज दोनशे तेरा किलोला शिफ्ट राहून गेली. चिठ्ठीवर एक रेघवाला ई, एक वेटोळं आणि वर एक अवतरणचिन्ह छापून आलं. चिठ्ठी नेमकी शेदलियामावशीची. ही बाई दर हंगामात अर्ध्या किलोसाठी अंगण डोक्यावर घेते. खिडकीवर थापा मारत ओरडली, "अरे तय्यब, मेल्या, माझी जैतून कुठं गेली? वजन मागितलं तर ताईत काय लिहून देतोस?"

सगळं अंगण हसलं. वजदी सगळ्यांत जास्त हसला. इथं नोंद करून ठेवतो.

१० नोव्हेंबर

सुडाची पहिली चाल. दुपारी सगळ्यांसाठी ब्रेड-ट्यूना आणायची पाळी माझी होती. वजदीच्या ब्रेडमध्ये हरीसा असा थापला की मिरचीच्या वासानं माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. समोर बसून बघत राहिलो.

त्यानं शेवटचा घास गिळला, बोटं चाटली आणि म्हणाला, "दाजी, आज कुठून आणलात? उद्या थोडा जास्त टाकायला सांगा."

मी मात्र बोटं डोळ्याला लावली होती. संध्याकाळपर्यंत डावा डोळा उघडला नाही. सोळा वजनं चुकली. याचा हिशेब वजदीच्या खात्यावर.

१३ नोव्हेंबर

गोष्ट गंभीर आहे. हाजी बूबकर आज खिडकीत आले. हाजी रागावत नाहीत, जपमाळ ओढत हळू बोलतात, ते जास्त वाईट. म्हणाले, "तय्यब, काल गाड्यांची रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. लोक शेजारच्या घाण्यावर वळतायत. वजन आपोआप कॉम्प्युटरात टाकणारा काटा मिळतो म्हणे. हा महिना बघतो. रांग आटपली तर तुझी खुर्ची तुझी. नाहीतर काटा मागवतो."

आपोआप! म्हणजे खिडकीत माणूसच नको. एकोणीस हंगाम बसलोय मी या खुर्चीत. लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो विचारलं, तर सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं होतं, हाजींच्या खिडकीत बसतो. आता मी काय सांगू, की माझ्या जागी एक वायर बसते?

आणि त्या काट्याचं पत्रक कुठं पडलं होतं? वजदीच्या टेबलावर! आता कळलं. आधी आकडे कापले, मग खुर्ची कापणार. आधी कीबोर्ड बुटका, मग दाजी बुटका.

संकल्प : स्वतःच्या खर्चानं स्वतंत्र नंबर पॅड विकत घ्यायचा. नुसत्या आकड्यांचा. बुटक्याच्या उजवीकडे ठेवायचा आणि वजदीच्या नाकावर टिच्चून अख्ख्या स्फाक्स शहरातला सगळ्यात वेगवान हात कुणाचा ते दाखवायचं. त्या दिवशी हाजी त्याला विचारतील, कीबोर्ड कापायचा शहाणपणा कुणाचा?

१५ नोव्हेंबर

बाब दिवानच्या वेशीजवळ लसादचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं काउंटरवर पॅड मांडले. मी प्रत्येकाचा शून्य दाबून बघितला. शून्य रुंद पाहिजे, अंगठ्याला आडवं पडता आलं पाहिजे. दशांशाला स्वल्पविराम उमटतो की टिंब यावर लसादशी अर्धा तास वाद घातला. तो म्हणाला, "पण तय्यबसाहेब, तुम्ही तर पूर्ण किलो लिहिता ना?" म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

सगळ्यांत स्वस्तातला घेतला. दलेंदाला किंमत अर्धी सांगितली.

१६ नोव्हेंबर

पॅड आगाऊ आहे. त्यावरची नंबर-लॉकची कळ दाबली की पॅड चालू होतो, पण त्याच वेळी बुटक्या कीबोर्डची अर्धी अक्षरंही आकडे व्हायला लागतात. एक वळवळला की दुसराही वळवळतो. दोघांचं साटंलोटं आहे.

मला काय माहीत! मी न बघता नाव टाइप केलं, न बघता वजन टाइप केलं. जल्लूली घराण्याच्या वडीलधाऱ्यांच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी १ए३३६४३५ आलं. जल्लूलीसाहेब तीन पिढ्यांचे बागायतदार. चिठ्ठी हातात धरून विचारत होते, "मी काय तुरुंगातून आलोय?"

वजदी धावत आला, काहीतरी दाबलं, अक्षरं ठीक झाली, आकडे गेले. म्हणाला, "दाजी, नंबर-लॉक नसलेला पॅड मिळतो, तो बघा. किंवा कपाटातला जुना..." मी फ्रेंचमध्ये आभार मानले.

१७ नोव्हेंबर, रविवार

सासुरवाडीला जेवण : कुसकुसचा वाफवलेला रवा. माशाचा रस्सा. मी ठरवून वजदीच्या आवडीचा डोक्याकडचा तुकडा आधी उचलला. त्यानं निमूट शेपटीकडचा घेतला आणि स्वतःच्या ताटातला भोपळाही माझ्या ताटात वाढला. म्हणे, "दाजींना आवडतो." सासूबाईंचे डोळे भरून आले, लेकाकडे बघून. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

परत येताना दलेंदा म्हणाली, "तुमचा सूड म्हणजे शेजाऱ्याला थंडी वाजावी म्हणून आपणच उघडं झोपायचं." तिला यातलं काही कळत नाही. भावाच्या बाजूनंच बोलणार.

२१ नोव्हेंबर

पॅड परत केला. मी स्फाक्सचा माणूस, पैशाला चोख, वस्तू परत करताना लाजत नाही. दुसरा आणला. बिनवायरचा, पातळ, देखणा.

हा झोपतो. दोन गाड्यांमध्ये जरा वेळ गेला की डोळा लागलाच याचा. मबरूककाका ओरडतात "एकशे चाळीस!" आणि हा ढिम्म. उठवायला एक कळ दाबावी लागते, आणि नेमका तो पहिला आकडा खातो. एकशे चाळीसचे चाळीस झाले. शेतकरी खिडकीतून अर्धा आत आला.

रांग औषधाच्या दुकानापुढे न्हाव्यापर्यंत गेली. हाजी फाटकात उभे राहून जपमाळ ओढत होते.

२६ नोव्हेंबर

दुसराही परत. लसाद मला बघून शटर खाली ओढायला लागला होता, मी पाय घातला.

तिसरा तर बघताच नाकारला. त्यात एक-दोन-तीन वरच्या ओळीत आणि सात-आठ-नऊ खाली, टेलिफोनसारखे. लसाद म्हणाला, सवय होईल. म्हटलं, तू उद्यापासून डोक्यावर चाल, सवय होईल.

मग त्यानं उसासा टाकून आतून एक डबा आणला. अल्ला! वजनदार, काळा, सतरा कळा. प्रत्येक कळ टक्क वाजते. वायरचा, म्हणजे झोप नाही. नंबर-लॉक नाही, म्हणजे फितुरी नाही. सगळ्यांत वर गुणाकार-भागाकार वगैरेची ओळ, ती आपल्या कामाची नाही. शून्य रुंद. पाचावर टेंगूळ, नाजूक, पण आहे. मी डोळे मिटून दोनशे तेरा दाबलं आणि अंगावर काटा आला.

हिवाळ्याच्या कोटासाठी बाजूला काढलेलं सगळं त्यात गेलं. सूड घेतला की माणसाला आपोआप ऊब येते.

२९ नोव्हेंबर

पॅड ठेवायला टेबलावर जागा नव्हती. हीटर उचलून खाली कोपऱ्यात ठेवला. वजदीचा हीटर असाही मला नकोच होता. आता जागाच जागा.

चार दिवस सराव. एकही चूक नाही. रांग फाटकाच्या आत! मबरूककाका म्हणाले, "तय्यब, जरा दम खा रे, माझा घसा बसला." आयुष्यात इतकं गोड वाक्य ऐकलं नव्हतं.

८ डिसेंबरला सगळ्यांत मोठा दिवस. आजूबाजूच्या सगळ्या बागांची जैतून एकदम येते. हाजी दिवसभर अंगणात असतील. त्या दिवशी वजदीची जिरवायची. भाषणसुद्धा तयार आहे, दोन वाक्यांचं. एक अरबीत, एक फ्रेंचमध्ये.

५ डिसेंबर

घात झाला.

वजदीनं पॅड बघितला. खिडकीत आला, वाकला, एक कळ टक्क करून वाजवली आणि म्हणाला, "वा, दाजी! काय भारी वस्तू आहे. मलाही असाच पाहिजे." एवढंच. पुढे तबारकल्ला म्हटलं नाही!

मी वाट बघितली. म्हटलं, आता म्हणेल. तो कॉफी प्यायला निघून गेला. अहो, लहान पोर बघितलं, नवी गाडी बघितली, भरलेलं झाड बघितलं, तर शत्रूसुद्धा तबारकल्ला म्हणतो, नाहीतर नजर लागते. "मलाही असाच पाहिजे" म्हणायचं आणि तबारकल्ला गिळायचं, याचा अर्थ काय होतो? मला पाण्यात पाहतो तो.

दुपारीच एक कळ अडकली. ब्रेडचा कण निघाला आत, पण कण आजच कसा गेला?

६ डिसेंबर

दलेंदाला सांगितलं. आधी हसली. मग मी तिच्या पहिल्या चिनीमातीच्या सेटची आठवण करून दिली, शेजारणीनं कौतुक केलं आणि संध्याकाळी फुटला होता. तशी तिनं उठून तिच्या डब्यातून चांदीचा बारीक मासा काढला, नजरेवरचा, तांदळाएवढा. गोंदानं पॅडवर चिकटवू या म्हणाली.

ती पाचावर लावणार होती. पाच म्हणजे पंजा, नजरेवर रामबाण. मी म्हटलं, खबरदार! पाचावर माझं टेंगूळ आहे. माझी सगळी विद्या तिथं आहे. मग ती म्हणाली, आठावर लावू. आठाला दोन डोळे असतात, नजर नजरेलाच अडवते. आठ म्हणजे बरोबर पाचाच्या वरची कळ. चमकतोय छान. वजदीला खिडकीतून सरळ दिसेल.

विचार करून काम करणं याला म्हणतात.

८ डिसेंबर, रात्री

विजय! विजय! विजय!

पहाटेपासून गाड्या. थंडी अशी की श्वास दिसत होता आणि बोटं लाकडं झाली होती. पण बोट टेकलं ते टेंगळावर टेकलं आणि तिथून हललं नाही. टक्क टक्क टक्क! मबरूककाकांच्या तोंडातून आकडा निघायच्या आत चिठ्ठी बाहेर. रांग? कसली रांग! गाडी आत, गाडी बाहेर. हाजींनी जपमाळ खिशात ठेवली. आमच्या घाण्यात हे कुणी बघितलेलं नाही.

आणि सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे कुणी भांडलं नाही. सगळे चिठ्ठी बघायचे, पुन्हा बघायचे, घडी करून छातीपाशी ठेवायचे आणि लगबगीनं तेलाच्या टाकीकडे जायचे. कर्तबगारीपुढे लोक असे नरम येतात. शेदलियामावशीनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि खिडकीतून हात घालून माझं डोकं कुरवाळलं! म्हणाली, "तय्यब बाळा, तुझ्याइतका इमानदार माणूस घाण्यात नाही." बाळा! ही बाई मला एकोणीस वर्षं मेल्या म्हणतेय.

दोघातिघांनी थोडी कुरकुर केली. एकाचं म्हणे गाडीभर जैतुनाचं वजन चार किलो आलं. जैतून यंदा हलकी आहे म्हटलं, आणि हातानं खोडून दुरुस्त करून दिलं. मोठ्या दिवशी असं चालायचंच.

वजदीला भाषण ऐकवायला गेलो, तर तो टाकीपाशी कपाळाला आठ्या घालून उभा. यश बघवत नाही माणसाला. भाषण उद्या.

९ डिसेंबर

तेल कमी पडलं.

चिठ्ठ्यांप्रमाणे वाटता वाटता मोठी टाकी तळाला गेली आणि निम्मे लोक डबे घेऊन उभेच. हाजींचा चेहरा राखेसारखा. घाण्यात असं कधी झालं नाही. हाजींच्या आजोबांपासून या घाण्याचं नाव आहे, की इथं डबा रिकामा परत जात नाही.

तेल गेलं कुठं? मला तत्क्षणी कळलं. टाकीची किल्ली कुणाकडे? वजदीकडे! काल टाकीपाशी कोण घुटमळत होता? वजदी! सूड स्वतःच्या पायांनी चालत दारात आला.

हाजींकडे गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, हाजी, माझा सख्खा मेव्हणा आहे, जीभ उचलत नाही, पण मीठ तुमचं खाल्लंय. किल्ली कुणाकडे असते तेवढं बघा. हाजींनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी त्याच्याकडून किल्ली काढून घेतो."

घरी आलो. दलेंदानं विचारलं, आज जेवत का नाही? म्हटलं, पोट भरलंय.

तिला सांगितलं नाही. सुडाचं हेच वाईट, जिंकल्यावर सांगायला घरात कुणी नसतं.

१० डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं.

सकाळी हाजी, वजदी आणि मी अंगणात. हाजींनी हात पुढे केला, किल्ली मागितली. वजदीनं काही न विचारता दिली. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, मी बोललो होतो ते.

तेवढ्यात शेदलियामावशी ढकलगाडीवर तेलाचे डबे घेऊन हजर. धापा टाकत म्हणाली, "हाजी, हे घ्या परत. परवा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवस झोप नाही. माझी जैतून दोनशे तेरा किलो. घरून मोजून आणते मी दरवर्षी, या मेल्यावर विश्वास नाही म्हणून. चिठ्ठीवर पाचशे शेहेचाळीस! माझ्या झाडांना एवढं तेल कधी सुटलं नाही. हराम मला पचायचं नाही या वयात."

पाचशे शेहेचाळीस. दोनाचे पाच, एकाचे चार, तिनाचे सहा.

मी पुन्हा मेल्या झालो होतो, ते लगेच ध्यानात आलं. बाकीचं ध्यानात यायला वेळ लागला. वजदी खिडकीत गेला, पॅड उचलला, बोट फिरवलं. आठावर चांदीचा मासा, टणक, तांदळाएवढा. पाचावरचं टेंगूळ त्याच्यापुढे काहीच नाही, आणि त्या थंडीत गारठलेल्या बोटांना ते लागणार कुठलं? दिवसभर माझं बोट माशावर टेकलं होतं. अख्खा हात एक ओळ वर. जे मोठे आकडे त्याहून वर गेले, ते गुणाकार-भागाकारात वाहून गेले. त्या चार किलोवाल्याची जैतून एकशे सत्त्याऐंशी होती.

पडद्याकडे एकदा जरी बघितलं असतं! पण पडद्याकडे नवशिके बघतात.

वजदीनं खाली बघितलं. कोपऱ्यात हीटर होता, भिंतीकडे तोंड करून. तो हळूच म्हणाला, "दाजी, हा टेबलावर मावावा म्हणून तर मी कीबोर्ड छोटा केला होता. गेल्या वर्षी तुमची बोटं फुटून रक्त यायचं."

 मबरूककाकांनी उगाच काट्याचा पत्रा पुसला.

मग हाजींनी विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडलं. माझी एकोणीस वर्षांची खुर्ची तिथून दिसत होती. माझ्या आधी वजदी बोलला. म्हणाला, "पॅड सदोष निघाला, हाजी. कळा सरकलेल्या आहेत. दाजींचा दोष नाही." आणि बोलता बोलता मुठीत मासा खरवडून काढला, कुणाला दिसायच्या आत.

काय खोल माणूस! मला वाचवून माझं नाक कापलं. आता आयुष्यभर मी त्याच्यावर सूड कसा घ्यायचा?

१४ डिसेंबर

तीन दिवस आम्ही दोघं गाडी घेऊन बागाबागांत फिरलो, चिठ्ठ्या बदलून दिल्या. बहुतेकांनी तेल परत केलं. काहींनी दार उघडलं नाही, आतून कुसकुसचा वास येत होता. राहिलेलं हाजींनी पदरचं भरून दिलं. एकाही डब्याला नाही म्हटलं नाही.

गाडीत बोलावं लागलं. फ्रेंचमध्ये माफी मागायला शब्द फार लांब आहेत, म्हणून आपल्याच भाषेत मागितली. अर्धीच. उरलेली अर्धी त्यानं तबारकल्ला म्हटल्यावर.

तो म्हणाला, "जाऊ द्या हो, दाजी. ताईला काही बोलू नका." दलेंदाला त्याच दिवशी सगळं कळलं होतं. तेव्हापासून माझ्या ताटात शेपटीकडचा तुकडा येतोय.

१५ डिसेंबर

जुना कीबोर्ड मागितला. मागताना भिंतीकडे बघत होतो. वजदीनं कपाट उघडलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, फडक्यानं पुसलेला, कळांमधले ब्रेडचे कणसुद्धा काढलेले. वर कागद चिकटवलेला : "दाजींचा. कुणी हात लावू नये." तारीख ३ नोव्हेंबर. हंगाम उघडायच्या आदल्या दिवसाची.

अक्षर मात्र फार वाईट आहे त्याचं.

लसादनं सतरा कळांचा पॅड परत घेतला नाही. म्हणे, आठावर गोंद आहे.

६ जानेवारी

नवा काटा आला. हाजींनी मागवलाच. गाडी काट्यावर चढते, वजन आपोआप पडद्यावर येतं, तार सगळं सांगते. मबरूककाकांना ओरडावं लागत नाही, ते दिवसभर गप्प असतात आणि त्यांना ते अजिबात आवडलेलं नाही.

पण माझी खुर्ची राहिली. हाजी म्हणाले, वजदीचा आग्रह आहे. काट्यानं आकडा दिला तरी तो बरोबर आहे की नाही, हे माणसानं बघितलं पाहिजे. म्हणजे आता मी पडद्याकडे बघतो आणि एन्टर दाबतो. बस. पुढची गाडी. एन्टर. बुटक्या कीबोर्डावर एन्टर आहे, चांगला मोठा आहे. जुना पुन्हा कपाटात गेला, हीटर टेबलावर आला. बोटं उबदार असतात. करायला काही नाही त्यांना.

नुसत्या एका कळीचा पॅडही मिळतो म्हणतात. लसादला विचारायचं होतं, पण तो मला लांबून बघितलं तरी शटर ओढतो.

११ जानेवारी

आज वजदी कॉफी घेऊन खिडकीत आला. माझं बोट एन्टरवर होतं. गाडी चढली, पडद्यावर आकडा आला, मी दाबलं, चिठ्ठी निघाली. तो थोडा वेळ बघत उभा राहिला, मग मनापासून म्हणाला, "तबारकल्ला, दाजी! काय हात आहे!"

शेवटी म्हणाला. एवढी वाट बघितली होती मी त्या शब्दाची. पण आता काय, नजर लागेल असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. मी एन्टर दाबलं. गाडी अजून आली नव्हती.